कृत्तिका आणि सुरैया : एका तारकागुच्छाचा इतिहास

उर्दू शाळांच्या हजेरीपटात सुरैया आणि परवीन ही नावे हटकून सापडतात. मराठी शाळांच्या हजेरीपटात कृत्तिका आणि रोहिणी असतात. यांपैकी सुरैया, परवीन आणि कृत्तिका ही तीनही नावे आकाशातल्या एकाच वस्तूची आहेत. सुरैया अरबी, परवीन फारसी आणि कृत्तिका संस्कृत. रोहिणी ही तिची शेजारीण. मुलींना ही नावे देणाऱ्या घरांना ते ठाऊक असतेच असे नाही.

आम्ही उर्दू माध्यमाच्या वर्गात शिकवतो आणि मराठीत लिहितो. त्यामुळे एका वस्तूकडे दोन दारांतून पाहण्याची सवय आपोआप लागली आहे. ही वस्तू म्हणजे ताऱ्यांचा एक घोस. शास्त्रीय मराठीत त्याला तारकागुच्छ म्हणतात, उर्दूत सितारों का झुरमुट. या घोसाचे इतिहास दोन आहेत. एक त्याचा स्वतःचा, सुमारे दहा-बारा कोटी वर्षांचा. दुसरा माणसाने त्याला ओळखल्याचा, चार-पाच हजार वर्षांचा. आम्हाला दुसऱ्या इतिहासाच्या वाटेने पहिल्यापर्यंत जायचे आहे. कारण या दुसऱ्या इतिहासात आपला वाटा किती आणि कोणता, हा प्रश्न आज आपल्या समाजात आणि शेजारच्या समाजातही फार सैलपणे विचारला जातो आणि त्याहून सैलपणे सोडवला जातो.

कार्तिक महिन्यात सूर्य मावळला की हा घोस पूर्वेला वर येतो. महिन्याचे नावच त्याच्यावरून पडले आहे, कारण त्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. तिकोणा पेठेतून तो अजून नुसत्या डोळ्यांनी चांगला दिसतो. पवना धरणाच्या काठी आता तंबूंच्या वसाहती झाल्या आहेत, त्यांचे दिवे रात्रभर जळतात. लोणावळ्याचा आणि पिंपरी-चिंचवडचा उजेड क्षितिजावर चढतो. तरीही किल्ल्याच्या सावलीत, दिव्यांकडे पाठ करून उभे राहिले तर सहा तारे नक्की मोजता येतात. तीक्ष्ण नजरेला सातवाही लागतो.

चंद्राच्या वाटेवरची तिसरी मंजिल

चंद्र रोज रात्री ताऱ्यांमधून थोडा थोडा पूर्वेकडे सरकतो आणि सुमारे सत्तावीस दिवसांनी पुन्हा त्याच ताऱ्यांपाशी येतो. त्या वाटेचे आपल्याकडे सत्तावीस भाग केले, त्यांना नक्षत्रे म्हटले. अरबांनी अठ्ठावीस केले, त्यांना मनाजिल म्हणजे चंद्राचे मुक्काम म्हटले. आता दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. अश्विनी ही पहिली, अरबीत शरतान. भरणी दुसरी, अरबीत बुतैन. कृत्तिका तिसरी, सुरैया तिसरी. रोहिणी चौथी, तिथे अरबीत दबरान. दबरान म्हणजे मागून येणारा, सुरैयाच्या मागोमाग उगवणारा. पुष्य आठवे, अरबीत आठवी मंजिल नस्रा, आणि दोन्ही कर्क राशीतल्या त्याच धूसर ठिपक्यापाशी आहेत. पुढे याद्यांत फरक पडत जातात, पण सुरुवातीची ही जुळणी डोळ्यांत भरणारी आहे. कोणी कोणाकडून घेतले, की दोघांनी तिसऱ्याकडून घेतले, यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. एवढे मात्र खरे की हे मुक्काम दोन्ही समाजांनी शतकानुशतके वापरले. शेतीची कामे आणि उन्हाळा-पावसाळ्याचे अंदाज त्यांच्यावरून बांधले गेले. अरबांत तर सुरैयाची महती एवढी की तिला नुसते 'अन-नज्म' म्हणजे 'तारा' म्हटले तरी पुरत असे. कुरआन शरीफच्या ५३व्या सूरतचे नाव अन-नज्म आहे आणि तिथला तारा म्हणजे सुरैया, असा अर्थ काही जुन्या भाष्यकारांनी लावला आहे.

या दोन याद्या शेजारी ठेवून पाहणारा एक मोठा माणूस हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. अबू रैहान अल-बिरूनी. १०३०च्या सुमारास पुऱ्या झालेल्या आपल्या हिंदुस्थानविषयक ग्रंथात त्याने नक्षत्रे आणि मनाजिल यांची तुलना केली. त्यासाठी तो इथल्या पंडितांना भेटला. त्याची एक तक्रार लक्षात ठेवण्याजोगी आहे. नक्षत्रांची नावे आणि गणिते सांगणारे त्याला भेटले, पण आकाशाकडे बोट दाखवून हा तारा तो, असे सगळे तारे ओळखून देणारा कोणी भेटला नाही. ही तक्रार हिंदू पंडितांविषयी आहे म्हणून आपण खूश होण्याचे कारण नाही. आज मशिदीच्या अंगणात किंवा शाळेच्या मैदानात सुरैया कुठे आहे, असे विचारले तर किती बोटे वर जातील?

बोट दाखवून, मोजून पाहण्याचे महत्त्व जाणणारा एक शिक्षक महाराष्ट्रातही झाला. शंकर बाळकृष्ण दीक्षित. जन्म १८५३, कोकणातल्या मुरूडचा. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, नोकरी आयुष्यभर शिक्षकाची. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशा सोडत नाहीत असा उल्लेख आहे. दीक्षितांनी विचारले, असे कधी दिसले असेल? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्याची एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची असते. त्यामुळे ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा हळूहळू बदलतात. आज आपल्या भागात कृत्तिका पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतात. त्या नेमक्या पूर्वेला केव्हा उगवत असतील, याचे गणित दीक्षितांनी मांडले आणि इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे हा काळ काढला. त्या वाक्यावरून एवढा नेमका काळ काढता येतो का, यावर पुढे बराच वाद झाला. पण वाद घालता येईल असे गणित समोर ठेवणे, हीच तर शास्त्राची रीत आहे.

याच दीक्षितांनी रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर १८९६ साली इंग्रजीत भारतीय पंचांगावर ग्रंथ काढला. त्यात हिंदू तिथ्यांबरोबर हिजरी तारखा इसवी सनात बदलण्याची कोष्टकेही आहेत. त्याच वर्षी त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास छापून झाला. दोन वर्षांनी, १८९८ साली, ते वारले. शाळामास्तराच्या पगारात हे काम उभे राहिले, याचा आम्हा शिक्षकांना अभिमान वाटावा आणि थोडा संकोचही.

ढग की तारे?

नुसत्या डोळ्यांना कृत्तिकांचे तारे सुटे दिसतात. पण आकाशात असेही ठिपके आहेत जे ढगाच्या तुकड्यासारखे दिसतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने अशा काही धूसर ताऱ्यांची नोंद केली. त्यात पुष्यातला ठिपका होता. आठशे वर्षांनी ही यादी अब्दुर्रहमान अस-सूफी याने हातात घेतली. जन्म ९०३, गाव रय, कामाची जागा इस्फहान, बुवैही राजा अदुदुद्दौलाचा आश्रय. ९६४ साली त्याने स्थिर ताऱ्यांचे पुस्तक लिहिले. टॉलेमीची ४८ तारकाचित्रे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पुन्हा तपासली, ताऱ्यांचे तेज आणि रंग पुन्हा लिहिले. प्रत्येक चित्र दोनदा काढले, एक आकाशात दिसते तसे आणि एक खगोलावर कोरले जाते तसे. अरब बेदुइनांची ताऱ्यांची जुनी नावेही त्यात जपली. टॉलेमीच्या यादीत नसलेल्या गोष्टीही त्याने टिपल्या. देवयानीतला छोटा ढग त्याने नोंदवला. आज आपण त्याला स्वतंत्र दीर्घिका म्हणून ओळखतो. आज जंबुक तारकासमूहात मोडणारा ताऱ्यांचा एक लहानसा पुंजकाही त्याने नोंदवला. त्याला अजूनही अस-सूफीचा गुच्छ म्हणतात. या पुंजक्याची गोष्ट पुढे येईल.

अस-सूफीनंतर समरकंदला उलुगबेगने १४३७ साली हजाराहून अधिक ताऱ्यांची नवी मोजणी केली. ती जयपूरच्या सवाई जयसिंहापर्यंत पोचली. जयसिंहाच्या पदरच्या जगन्नाथ सम्राट यांनी नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठांवरून युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचा ग्रंथ संस्कृतात आणला. जयसिंहाच्या नावे निघालेली कोष्टके फारसीत लिहिली गेली आणि मोगल बादशहा मुहम्मदशाहाला अर्पण झाली. ग्रीक, अरबी, फारसी, संस्कृत अशी ही साखळी आहे. यातली कोणती कडी 'आपली' आणि कोणती 'त्यांची', हे साखळी न तोडता सांगता येणार नाही.

पण जयसिंहाच्या वेधशाळांत दगडी यंत्रे होती आणि निरीक्षण नुसत्या डोळ्यांचे होते. तोवर युरोपात दुर्बिणीला शंभरावर वर्षे झाली होती. गॅलिलिओने १६१० साली छापलेल्या पुस्तिकेत कृत्तिकांचे चित्र आहे. डोळ्यांना सहा तारे दिसत होते, दुर्बिणीतून त्यांच्याजवळ आणखी चाळीसहून अधिक दिसले. पुष्यातला ढगही ढग नसून दाटीने बसलेल्या ताऱ्यांचा घोळका निघाला. पुढे फ्रान्सच्या चार्ल्स मेसिएने धूमकेतूशी गल्लत होऊ नये म्हणून धूसर वस्तूंची यादी केली, त्यात १७६९ साली कृत्तिकांना ४५वा क्रमांक दिला. विल्यम हर्शेलने शेकडो गुच्छ शोधले आणि एक सुंदर विचार मांडला. बागेत एकाच वेळी अंकुर, फूल आणि वठलेले झाड दिसते, त्यावरून झाडाचे सारे आयुष्य समजते. तसेच वेगवेगळ्या अवस्थांतले गुच्छ पाहून एका गुच्छाचे आयुष्य समजू शकेल.

एकत्र दिसतात म्हणून एका घरचे?

आता खरा प्रश्न. आकाशात जवळ दिसणारे तारे खरेच जवळ असतात का? एक तारा पुढे आणि दुसरा फार मागे असेल, पण एकाच रेषेत असल्याने शेजारी दिसत असेल.

इंग्लंडमधले पाद्री जॉन मिशेल यांनी १७६७ साली हा प्रश्न संभाव्यतेच्या गणिताने सोडवला. तारे आकाशात कसेही विखुरले असते तर कृत्तिकांसारखा घोस केवळ योगायोगाने जमण्याची शक्यता सुमारे पाच लाखांत एक. म्हणजे हा योगायोग नव्हे, या ताऱ्यांचे परस्परांशी काही नाते आहे. नाते सिद्ध करण्याची पक्की खूण नंतर सापडली. ती म्हणजे चाल. प्रत्येक तारा आकाशात अत्यंत सावकाश सरकतो. या सरकण्याला निजगती म्हणतात. एका घोसातले तारे एकाच दिशेला, एकाच वेगाने सरकत असतील आणि अंतरही सारखे असेल, तर ते एका कुटुंबातले.

ही कसोटी लावल्यावर काही जुने समज मोडले. रोहिणीचा तांबूस तेजस्वी तारा ज्या इंग्रजी व्ही आकाराच्या गुच्छात बसलेला दिसतो, त्या गुच्छाचा तो नाहीच. गुच्छ सुमारे १५० प्रकाशवर्षांवर आणि हा तारा ६५ वर. मधल्यामध्ये उभा राहिलेला वाटसरू. आणि अस-सूफीचा तो जंबुकातला पुंजका? हिपार्कोस या युरोपीय उपग्रहाच्या मोजणीनंतर १९९०च्या दशकाच्या अखेरीस कळले की त्याचे तारे वेगवेगळ्या अंतरांवर आहेत आणि वेगवेगळ्या दिशांना चालले आहेत. तो गुच्छ नाहीच. यात अस-सूफीचे काही कमी होत नाही. त्याने जे दिसले ते प्रामाणिकपणे नोंदवले, म्हणूनच हजार वर्षांनी ते तपासता आले.

निजगती मोजायची तर एकाच ताऱ्याची जागा आज आणि पुष्कळ वर्षांपूर्वी अशी दोनदा नेमकी माहीत हवी. जुनी मोजणी जितकी जुनी आणि चोख, तितकी ती मोलाची. इथे आपल्या भागाचा वाटा येतो, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगातल्या वेधशाळांनी आकाश वाटून घेऊन त्याचे फोटो काढायचे ठरवले. हैदराबादचे नवाब जफर जंग यांनी १९०१ साली स्वतःच्या हौसेने वेधशाळा उभारली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ती निजाम सरकारकडे गेली आणि निजामिया वेधशाळेला आकाशाचा उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा मिळाला. मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता. वर्षानुवर्षे काचेच्या पट्ट्यांवर फोटो घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक ठिपका मोजून, लाखो ताऱ्यांच्या जागा छापल्या गेल्या. पुढे ही वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे आली. हे विद्यापीठ तेव्हा उर्दूतून शिकवत होते. सन २००० मध्ये टायको-२ ही पंचवीस लाख ताऱ्यांच्या निजगतींची सूची तयार झाली, तेव्हा जुन्या जागांसाठी जगभरच्या त्याच फोटो-मोजणीचा आधार घेतला गेला. हैदराबादच्या अनाम कारकुनांनी मोजलेले आकडे अशा रीतीने ताऱ्यांची कुळे ठरवण्याच्या कामी आले.

पुण्यातली दुर्बीण

पुण्यातही याआधीच एक मोठी सुरुवात झाली होती. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवत. भावनगरच्या महाराज तख्तसिंहजींच्या देणगीतून १८८८ साली तिथे वेधशाळा स्थापन झाली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची २० इंची आरसा-दुर्बीण आली. त्या काळी हिंदुस्थानातली ती सर्वांत मोठी दुर्बीण होती. पारशी प्राध्यापक, गुजराती संस्थानिक, आयर्लंडचा कारखाना आणि पुण्याचे आकाश.

नायगमवालांनी ती मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे वळवली. मृगाच्या तीन ताऱ्यांखाली जी धूसर तलवार लटकते, तिच्या मधला तो ठिपका. त्याचा प्रकाश लोलकातून पसरवला की ठरावीक रेषा दिसतात. त्यातल्या मुख्य रेषेवर तेव्हा लंडनमध्ये मोठा वाद चालू होता. नायगमवालांचे टिपण १८९१ साली रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात आले. ती रेषा कशाची, हे १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवले. अतिविरळ वायूतल्या, दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची. आणि तो तेजोमेघ म्हणजे काय, हे आज पक्के माहीत आहे. सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरची ती ताऱ्यांची बाळंतिणीची खोली आहे. हजारो तारे तिथे नुकतेच, म्हणजे गेल्या वीसेक लाख वर्षांत, जन्मले आहेत. कृत्तिकाही कधीकाळी तशाच दिसत असतील.

पण नायगमवाला निवृत्त झाल्यावर १९१२ साली वेधशाळा मोडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यात ते काम पुढे चालवणारा वारस तयार झालेला नव्हता. त्यानंतर पाऊण शतकाने, १९८८ साली, जयंत नारळीकरांच्या नेतृत्वाखाली आयुका उभी राहिली. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी ३० अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण बांधली. २००६ साली आयुकाची दोन मीटरची दुर्बीण गिरवलीच्या डोंगरावर सुरू झाली. मधल्या पाऊण शतकाची भरपाई मात्र झाली नाही.

जन्म आणि पांगापांग

आता गुच्छाचा स्वतःचा इतिहास सांगता येईल.

आकाशगंगेत ताऱ्यांच्या मधल्या जागेत वायू आणि धूळ आहे. ही धूळ आहे हेसुद्धा गुच्छांनीच शिकवले. रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० साली शेकडो गुच्छांची अंतरे काढली, तेव्हा दूरचे गुच्छ अपेक्षेपेक्षा अंधुक निघाले. मध्ये काहीतरी प्रकाश गिळत होते. या वायूचे काही ढग शून्याखाली २५० अंशांहून थंड असतात. थंड वायूत स्वतःच्या गुरुत्वाला रोखून धरण्याइतका दाब नसतो. ढग ठिकठिकाणी आकसतो, त्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक किंवा अधिक तारे पेटतात. म्हणून तारे एकेकटे क्वचित जन्मतात, बहुतेक झुंडीने जन्मतात.

त्यांतले थोडे फार मोठे आणि निळे असतात. त्यांचा प्रखर प्रकाश आणि वारा उरलेला वायू उडवून देतो. हा वायूच गुच्छाला बांधून ठेवणारा मोठा भार होता. तो गेला की बंध सैल होतो आणि बहुतेक झुंडी तिथेच फुटतात. शंभर झुंडींपैकी दहासुद्धा गुच्छ म्हणून तगत नाहीत. कृत्तिका हा तगलेल्यांपैकी एक. सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर, हजाराहून अधिक ताऱ्यांचा. दुर्बिणीतून त्यांच्याभोवती निळसर धुके दिसते. ते जन्माच्या वेळचे उरलेले असावे असे पूर्वी वाटे. आता कळले आहे की ते वाटेत भेटलेल्या भलत्याच ढगाचे आहे.

गुच्छाचे वय कसे कळते? आमच्या धंद्यातला दाखला देतो. एकाच वर्षी पहिलीत दाखल झालेली तुकडी घ्या. कोण कधी शाळा सोडतो याचा नियम माहीत असेल, तर आज वर्गात कोण उरले आहे ते पाहून दाखल्याचे वर्ष सांगता येईल. ताऱ्यांत जो जितका जड, तो तितका उधळ्या. त्याचे इंधन लवकर संपते. गुच्छातले तारे एकाच वेळी जन्मलेले असल्याने, कोणत्या वजनापर्यंतचे तारे संपले ते पाहून वय निघते. हर्ट्झस्प्रुंग यांनी १९११ साली कृत्तिकांचे आणि रोहिणीजवळच्या गुच्छाचे आलेख काढून या पद्धतीचा पाया घातला. या हिशेबाने कृत्तिका सुमारे दहा-बारा कोटी वर्षांच्या, रोहिणीचा गुच्छ साठ कोटींच्या पुढचा. वर्गात वयापेक्षा लहान दिसणारे एखादे मूल असते, तसे काही तारेही असतात. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाच्या अतिनील दुर्बिणीने २०१६ साली एनजीसी १८८ या जुन्या गुच्छातल्या अशा एका ताऱ्याजवळ लपलेला तप्त जोडीदार शोधला. त्या जोडीदाराचा वायू ओढून घेऊन हा तारा तरुण झाला होता.

तगलेला गुच्छही कायमचा नसतो. आतले तारे एकमेकांजवळून जाताना गुरुत्वाने एकमेकांना ढकलतात, त्यात हलके तारे वेग मिळवून बाहेर पडतात. हे गळणे किती वेगाने होते, याचे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ साली मांडले. त्यांचा जन्म १९१०चा, लाहोरचा. बाहेरून दीर्घिकेचे गुरुत्व गुच्छाला ताणते आणि वाटेतले मोठे ढग धक्के देतात. गाया उपग्रहाच्या मोजणीवरून २०१९ साली दिसले की रोहिणीजवळच्या गुच्छाला पुढे आणि मागे शेकडो प्रकाशवर्षे लांब शेपट्या फुटल्या आहेत. त्या त्याच्याच पांगलेल्या ताऱ्यांच्या आहेत. कृत्तिकाही आणखी पंचवीसेक कोटी वर्षांत अशाच विरून जातील, असा अंदाज आहे.

काही गुच्छ मात्र या नशिबातून सुटले. त्यांना बंदिस्त तारकागुच्छ म्हणतात. लाखो तारे चेंडूसारखे घट्ट बसलेले, वय बहुधा हजार कोटी वर्षांहून अधिक. आकाशगंगेत असे दीडशेच्या आसपास आहेत. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेकडे नरतुरंगात त्यांतला सर्वांत मोठा, ओमेगा सेंटॉरी, आपल्या भागातूनही दिसतो. १९१८च्या सुमारास हार्लो शॅप्ली यांनी या गुच्छांची मांडणी पाहून दाखवले की सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही, बराच कडेला आहे.

आणि सूर्य? तोही बहुधा कोणत्यातरी गुच्छात जन्मला. सर्वांत जुन्या उल्कापाषाणांत ॲल्युमिनियमच्या एका अल्पायुषी प्रकाराच्या खुणा सापडतात. जवळपास एखादा मोठा तारा असल्याची ती साक्ष मानली जाते. साडेचारशे कोटी वर्षांत सूर्याचा गुच्छ साफ पांगला. भावंडे आकाशगंगेभर विखुरली. ती कोणती, हे आता केवळ त्यांच्या चालीवरून आणि घटकद्रव्यांच्या सारखेपणावरून शोधावे लागते.

वारसा कशाचा?

हा सारा इतिहास आम्ही एका कारणासाठी सांगितला. हल्ली कोणताही नवा शोध छापून आला की आपल्याकडे कोणीतरी म्हणतो, हे आमच्या किताबात चौदाशे वर्षांपासून आहे. शेजारी कोणीतरी म्हणतो, हे आमच्या वेदांत पाच हजार वर्षांपासून आहे. दोघांचीही श्रद्धा आम्ही मानतो. पण धर्मग्रंथ तारे मोजून द्यायला आलेले नाहीत. अस-सूफी श्रद्धावान होता, तरी त्याने ताऱ्यांचे तेज किताबातून काढले नाही, रात्री जागून काढले. दीक्षितांनी वेदवाङ्मयातले वाक्य घेतले, पण त्यावर गणित मांडले आणि ते वादासाठी खुले ठेवले. पूर्वजांचा अभिमान सांगायचा तर त्यांच्या या सवयीचा सांगावा.

सवय सुटली की काय होते, तेही याच इतिहासात आहे. उलुगबेगचा १४४९ साली खून झाला आणि समरकंदची वेधशाळा लवकरच ओस पडली. पुण्याची वेधशाळा एका प्राध्यापकाबरोबर निवृत्त झाली. दोन्हीकडे नाव उरले, मोजणी थांबली. उलट हैदराबादच्या मोजणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, पण त्यांचे आकडे शंभर वर्षांनीही कामाला येतात.

उर्दू आणि मराठी शाळांतल्या शिक्षक मित्रांना म्हणून एक सुचवावेसे वाटते. त्याला दुर्बीण लागत नाही, अनुदानही लागत नाही. डिसेंबरात मुलांना एका अंधाऱ्या रात्री मोकळ्या जागी न्यावे. मृगाचे तीन तारे दाखवावेत. त्यांची रेघ वायव्येकडे वाढवली की तांबूस रोहिणी लागते, तीच पुढे नेली की कृत्तिका. कोणाला सहा दिसतील, कोणाला सात, कोणाला दिव्यांमुळे चारच. जो आकडा ज्याला दिसला तो तारखेसह, जागेसह वहीत लिहून घ्यावा. पुढच्या वर्षी नवी तुकडी आली की ती वही तिच्या हाती द्यावी.